अंतिम फेरीनंतरचे सहा महिने: झाडीपट्टीतल्या एका गायकाचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

वैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका गावातला २३ वर्षांचा गायक एका मराठी वाहिनीच्या गायन स्पर्धेत निवडला गेला, पहिल्या आठांत आला आणि ऑगस्टच्या मध्याला बाहेर पडला. त्या वर्षी नाटकांतून त्याची कमाई आदल्या वर्षीपेक्षा घटली. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र त्याच नाटकांच्या मंचावर त्याला अडीच पट मानधन मिळालं. हे असं का झालं, कुठल्या टप्प्यावर कोणता निर्णय घेतला गेला आणि त्याची किंमत किती पडली, याची ही नोंद. ओळख पटू नये म्हणून गाव, वाहिनी, नाटक कंपनी यांची नावं दिलेली नाहीत आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. करारातल्या अटी आणि हिशेबातलं गणित त्या प्रकरणातलंच आहे.

पार्श्वभूमी

घरी अडीच एकर धानाची शेती, आई-वडील, धाकटी बहीण. गाण्याची सुरुवात गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत, खंजिरीवर. सोळाव्या वर्षापासून झाडीपट्टीच्या नाटकांत गायक. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दिवसा दंडार आणि खडी गंमत हे इथले लोककलेचे खेळ, रात्री नाटक. हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. कंपन्यांची कार्यालयं वडसा म्हणजे देसाईगंजला, तिथेच गावची मंडळं येऊन नाटक ठरवतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो पहाटेच मिटतो. मुंबई-पुण्याला या रंगभूमीची ओळख उशिरा झाली. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. इथल्या माणसांसाठी मात्र हा दरवर्षीचा रोजगार आहे.

या गायकाला एका रात्रीचे १,८०० रुपये मिळत. हंगामाला ६० रात्री धरल्या तर १ लाख ८ हजार. गणपती आणि दुर्गोत्सवात ऑर्केस्ट्रा, १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम, ते वेगळे. शेती आणि हे गाणं मिळून घर चालत होतं.

स्पर्धेला जायचं ठरलं तेव्हा घरात आणि गावात एकच उदाहरण दिलं जात होतं: वैशाली माडे. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून येऊन त्यांनी मराठी सारेगमप जिंकलं आणि २००९ मध्ये हिंदी सा रे ग म पसुद्धा. विदर्भातल्या प्रत्येक गाणाऱ्या मुलाला हे उदाहरण ऐकवलं जातं, आणि ते खरंच मोठं आहे. पण स्पर्धेचा आणि कारकिर्दीचा संबंध इतका सरळ नसतो. अरिजित सिंह २००५ च्या 'फेम गुरुकुल'मधून अंतिम फेरीआधीच बाहेर पडले होते, आणि त्यांचं नाव घरोघरी पोहोचायला पुढे कित्येक वर्षं स्टुडिओतलं काम करावं लागलं. ही बाजू गावात कुणी सांगत नाही.

नागपूरची चाचणी सोपी गेली. साथीशिवाय एक मुखडा, एक अंतरा, दीड मिनिट. कॅमेऱ्यापुढच्या परीक्षकांपर्यंत जाण्याआधी निर्मात्यांच्या माणसांसमोर दोन फेऱ्या झाल्या.

पहिला निर्णय: करार

मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर करार आला. ३१ पानं, सगळी इंग्रजीत. सकाळी अकरापर्यंत सही करून पाठवायचा निरोप. गायक बारावी शिकलेला, घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही. गावातल्या एका शिक्षकांनी रात्री बसून जमेल तेवढा अर्थ सांगितला. त्यात मानधनाची रक्कम, मुंबईतली राहण्याची सोय आणि प्रवासखर्च एवढंच नीट कळलं. सकाळी सही झाली.

पुढे ज्यांनी अडचण केली त्या अटी अशा. स्पर्धा चालू असेपर्यंत आणि अंतिम भाग प्रसारित झाल्यापासून सहा महिने दुसरीकडे कुठेही गाता येणार नाही. मंच, टीव्ही, यूट्यूब, सगळं त्यात धरलेलं. एक वर्ष कार्यक्रमांचं व्यवस्थापन स्पर्धेच्या कंपनीकडे, दर कार्यक्रमामागे ३० टक्के कमिशन, आणि मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी लेखी नकार कळवला नाही तर आणखी एक वर्ष आपोआप वाढ. करार संपल्यावरही दोन वर्षं प्रत्येक नवं गाणं आधी कंपनीला दाखवायचं. करार मोडल्यास १० लाख रुपये भरपाई. वाद झाला तर मुंबईत लवाद.

आणखी एक ओळ होती, जिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही: "माझ्यावर आधीची कोणतीही व्यावसायिक बांधिलकी नाही." प्रत्यक्षात एप्रिलमध्येच त्याने येत्या हंगामातल्या ६० रात्रींचा शब्द नाटक कंपनीला दिला होता आणि २०,००० रुपये ॲडव्हान्स घेतला होता. तो बियाणं आणि बहिणीच्या फीत खर्चही झाला होता. म्हणजे सही करताना त्याच्या हातून नकळत खोटं लिहून दिलं गेलं.

पर्याय काय होते? सही न करणं हा एक, पण तो कुणीही निवडला नसता आणि निवडावा असंही नाही. दुसरा, दोन दिवसांची मुदत मागणं. निर्मात्यांना पर्यायी स्पर्धक असतात, तरी निवड जाहीर करून चित्रीकरणाच्या तारखा लागल्यावर दोन दिवसांसाठी माणूस काढून टाकणं त्यांनाही परवडत नाही. तिसरा, करार तसाच ठेवून त्याला अर्ध्या पानाचं परिशिष्ट जोडणं: माझी आधीची बांधिलकी ही, एवढ्या रात्री, या महिन्यांत. परिशिष्ट जोडलं असतं तर पुढच्या बहुतेक भानगडी झाल्याच नसत्या.

'अंतिम भाग प्रसारित झाल्यापासून' या शब्दांचा अर्थ समजून घ्यायला हवा. गायक ऑगस्टच्या मध्याला बाहेर पडला, अंतिम फेरी नोव्हेंबरच्या शेवटी झाली. म्हणजे बंधन मेअखेरपर्यंत, भाऊबीज ते होळी हा पूर्ण हंगाम त्यात गेला. मोजणी स्वतः बाहेर पडल्याच्या दिवसापासून आणि तीन महिन्यांची असती, तर तो नोव्हेंबरच्या मध्याला, ऐन मंडईच्या दिवसांत, मोकळा झाला असता. मुंबईतल्या कायदा विभागाला झाडीपट्टीचा हंगाम माहीत असण्याचं कारण नाही. तो सांगणं हे स्पर्धकाचंच काम होतं.

स्टुडिओतला आवाज

पहिले तीन आठवडे त्याचं गाणं बसत नव्हतं. गळा उत्तम, सूर पक्का, तरी परीक्षक "लय सांभाळ" म्हणत राहिले. झाडीपट्टीच्या मंचावर ऑर्गनवाला आणि तबलजी गायकाच्या मागे चालतात. गायकाने ओळीच्या शेवटचा सूर लांबवला तर ठेका थांबून वाट पाहतो, टाळ्या पडतात, मग पुढची ओळ. स्टुडिओत वादकांच्या कानात क्लिक म्हणजे ठरलेल्या वेगाची टकटक असते, गाणं सव्वादोन मिनिटांचं कापलेलं असतं आणि प्रकाशयोजनाही त्याच मापावर बसवलेली असते. त्याने सूर लांबवला की सम निघून जायची आणि पुढचं कडवं अर्ध्या मात्रेने उशिरा सुरू व्हायचं.

दुसरी अडचण कानातल्या मॉनिटरची. गुदमरल्यासारखं होतं म्हणून तो एका कानातला काढून ठेवी. मग एका कानात थेट आवाज आणि दुसऱ्यात सभागृहातल्या स्पीकरचा किंचित उशिरा येणारा आवाज. त्यात सूर वर चढतो आणि गाणारा नकळत जोर लावतो. नवख्या स्पर्धकांत ही चूक सर्रास दिसते.

तिसरी गोष्ट पट्टीची. उघड्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जावा म्हणून तो काळी तीनवर, म्हणजे पेटीवरच्या तिसऱ्या काळ्या पट्टीवर, गात आला होता. स्टुडिओतल्या माइकला तेवढ्या जोराची गरज नसते. उलट आवाज टोचतो. संगीत संयोजकाने पट्टी काळी दोनवर आणली तर आवाजातलं तेजच गेलं. शेवटी पांढरी तीनवर मेळ बसला. खोलीवर सकाळ-संध्याकाळ ४० मिनिटं, मोबाइलवरच्या मेट्रोनोमला ७२ चा वेग लावून, दोन्ही कानांत इअरफोन घालून आणि हाताने टाळी देत तो आख्खं गाणं म्हणे. रेकॉर्ड करून लगेच ऐकायचं आणि शेवटचा सूर कुठे सुटला ते वहीत लिहायचं. चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा त्याला त्या भागाचं सर्वोत्तम सादरीकरणाचं बक्षीस मिळालं.

बक्षिसाचे २५,००० रुपये जाहीर झाले, खात्यात १७,५०० आले. टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि तो आधीच कापला जातो. वर ४ टक्के उपकर, म्हणजे विवरणपत्र भरताना आणखी ३०० रुपये. बाकी उत्पन्न करमर्यादेच्या आत असलं तरी हा कर परत मिळत नाही. मानधनावर कापलेला कर मात्र विवरणपत्र भरून परत मिळू शकतो. या दोन कपातींतला फरक घरच्यांना कुणी सांगितला नव्हता, त्यामुळे गावात "पैसे कोणी खाल्ले" अशी चर्चा बरेच दिवस चालली.

एव्ही आणि फेटा

स्पर्धकाची ओळख करून देणाऱ्या दोन-तीन मिनिटांच्या चित्रफितीला तिथे एव्ही म्हणतात. एव्हीचं पथक गावात आलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, घरात कुणी आत्महत्या केली आहे का? विदर्भ म्हटलं की हा प्रश्न येतोच. घर घरकुल योजनेतलं पक्कं होतं, ते चित्रात बरं दिसत नव्हतं, म्हणून शेजारच्या पडक्या मातीच्या घरात आईला चुलीपुढे बसवायचं ठरलं. वडील मध्ये आले. "आमच्या घरी रडाले काई झालं नाई जी. धान पाहा, नाटकाचा मंच पाहा, पोरगा तिथं शिकला." पथकातल्या तरुण दिग्दर्शिकेने ऐकून घेतलं. अर्धी एव्ही बांधीतल्या धानावर आणि रिकाम्या मंचावर झाली, चुलीचं दृश्यही राहिलं, पण स्वतःच्या घरातलं.

वडिलांच्या त्या एका वाक्याने मुलाची ओळख ठरली. 'गरीब शेतकऱ्याचा मुलगा' ऐवजी 'झाडीपट्टीचा आवाज' असं लोक म्हणू लागले. गरिबीची ओळख सहानुभूतीची मतं आणते आणि स्पर्धेबरोबर संपते. झाडीपट्टीची ओळख त्याला पुढे कामाला आली, कारण ती त्याच्या धंद्याचीच होती.

गाण्यांच्या निवडीत मात्र त्याचं काही चाललं नाही. हक्क मिळालेल्या गाण्यांतूनच निवडावं लागतं. त्याने दिलेल्या ४० गाण्यांच्या यादीतली ११ मंजूर झाली. झाडीपट्टी नाटकांतली त्याची सगळ्यात गाजलेली पदं बाद झाली, कारण ती लिहिणाऱ्या गावाकडच्या लेखकांकडे हक्काचा एकही कागद नव्हता. वाट्याला आले गोंधळ, पोवाडे. सोबत फेटा, संबळ, मागे नाचणारे दहा जण. टीव्हीच्या लेखी महाराष्ट्राचं लोकसंगीत म्हणजे लावणी, गोंधळ, पोवाडा. दंडारीचा ठेका कसा असतो हे त्या व्यवस्थेत कुणाला ठाऊकच नव्हतं. सलग पाच आठवडे फेटा बांधल्यावर प्रेक्षकांच्या मनात तो 'लोकगीतवाला' झाला, आणि त्यानंतर त्याला भावगीत दिलं तेव्हा मतं घटली. हे नुकसान एकट्या गायकाचं नाही. तीन दशकं या स्पर्धा घराघरांत बघितल्या जात आहेत, हिंदीतला पहिला सा रे ग म १९९५ चा. गावातली लहान पोरंही आता दंडारीत नाचताना टीव्हीवरच्यासारखा फेटा मागतात. झाडीतल्या माणसाने झाडीचंच गाणं मोठ्या मंचावर म्हणावं, ही मागणी लेखी आणि हक्काच्या कागदासह पुढे ठेवायला हवी होती.

मतदान

मतदानाचे दिवस जुलै-ऑगस्टचे, म्हणजे रोवणीचे. ॲपवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकून मत द्यायचं, प्रसारणानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत. पाऊस आला की डिशचा सिग्नल जायचा, वादळात लाइट जायची, आणि गावाच्या एकाच टोकाला नेटवर्क. तरुणांनी वर्गणी काढली, ४१,००० रुपये जमले. त्यातले २६,००० फ्लेक्स आणि डीजेच्या मिरवणुकीत गेले. फ्लेक्सवर गायकापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते, आणि मतदानाची पद्धत कुठेच लिहिलेली नव्हती.

उपयोगी पडलं ते बचत गटाच्या बायकांचं काम. त्यांनी घरोघरी जाऊन फोनमध्ये ॲप टाकून दिलं, बांधीवरून परतल्यावर रात्री नऊला नेटवर्कच्या टोकाला जमायचं ठरवलं आणि कुणी मत दिलं त्याची वहीत नोंद ठेवली. यात पैसा जवळपास लागला नाही.

बाहेर पडण्याचा भाग आधी चित्रित होतो आणि नंतर दाखवला जातो. गोपनीयतेच्या अटीमुळे त्याला चार दिवस घरीही सांगता आलं नाही, आणि त्याच चार दिवसांत गावाने आणखी ९,००० रुपयांचे फ्लेक्स छापले. वर्गणीचा हिशेब त्याच्या वडिलांना विचारला गेला, त्यांचा त्यात काही संबंध नसताना.

अडचण आणि पुढे असलेले पर्याय

गणपती पंधरा दिवसांवर आले होते, फोन खणखणत होते. व्यवस्थापनाने पहिले कार्यक्रम दिले, मानधन ५०,०००. हिशेब असा: कमिशन १५,०००, कर कपात ५,०००, प्रवास आणि राहणं ४,५००, कीबोर्ड आणि पॅडवाल्याला मिळून ९,०००. हाती उरले १६,५००. गावात मात्र "एका कार्यक्रमाचे पन्नास हजार घेते" एवढंच पोहोचलं. असे पाच कार्यक्रम झाले, मग दिवाळीनंतर थंडावलं. टीव्हीवर तोपर्यंत उरलेले स्पर्धक दिसत होते आणि आयोजकांना तेच हवे होते. बाहेर पडलेल्या स्पर्धकाची मागणी साधारण दोन-तीन महिन्यांत ओसरते, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

इकडे वडशाहून नाटक कंपनीच्या मालकांचा फोन आला. "भाऊ, पोस्टर छापाले टाकू ना?" तेव्हा कुठे करार नीट वाचायची वेळ आली. नागपूरच्या एका वकिलांनी ३,००० रुपये घेऊन ३१ पानं समजावून सांगितली.

त्यांचं म्हणणं असं होतं. करार चालू असताना घातलेलं बंधन सहसा न्यायालयात टिकतं, आणि इथे अंतिम फेरीनंतरचे सहा महिने कराराच्या आतच बसवले आहेत, म्हणून तिथे भांडण कच्चं. करार संपल्यावरची अट मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि पर्सेप्ट डी'मार्क यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितलं होतं. तेव्हा 'दोन वर्षं प्रत्येक गाणं आधी दाखवा' या ओळीला घाबरायचं कारण नाही. १० लाखांबद्दल: कलम ७४ प्रमाणे आकडा लिहिला म्हणून तेवढा आपोआप द्यावा लागत नाही, त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. पण ते सिद्ध करायला मुंबईत लवादापुढे उभं राहावं लागेल, आणि तो खर्च या घराला झेपणारा नाही.

मग पर्याय उरले चार. करार झुगारून पूर्ण हंगाम गाणं. ॲडव्हान्स परत करून मेपर्यंत गप्प बसणं. मुंबईजवळ मीरा रोडला खोली घेऊन डमी गाण्यांची, म्हणजे मुख्य गायकाआधी नमुन्यासाठी गायच्या गाण्यांची, कामं शोधणं. किंवा ठरावीक रात्रींसाठी लेखी परवानगी मागणं. पहिल्यात वादाची भीती. दुसऱ्यात नाटक कंपनीशी सात वर्षांचे संबंध तुटणार. तिसरा पर्याय मित्रांनी खूप रेटला, पण डमी गाणंही कराराच्या बंधनात येत होतं आणि महिन्याला १५-१६ हजारांचा खर्च कुठून आणायचा हा प्रश्न होताच.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. पहिला ईमेल गेला तो स्पर्धेच्या क्रिएटिव्ह टीममधल्या ओळखीच्या माणसाला. बारा दिवस उत्तर नाही. ही परवानगी कलाकार व्यवस्थापन विभाग देतो, आणि त्यांचा पत्ता कराराच्या 'नोटीस' या कलमात लिहिलेला असतो. तिकडे पाठवलेला दुसरा अर्ज एका पानाचा होता: तारखा आणि गावांची यादी, फक्त मंचावर गाणं, रेकॉर्डिंग नाही, स्पर्धेचं नाव किंवा बोधचिन्ह वापरणार नाही, एप्रिलमध्ये घेतलेल्या ॲडव्हान्सची पावती सोबत. आधीच्या बांधिलकीची गोष्ट लपवून ठेवण्यापेक्षा स्वतःहून सांगावी, हा सल्ला वकिलांचा. तो योग्य ठरला. त्या मुद्द्यावर कंपनीने पुढे काहीच काढलं नाही.

६० पैकी २४ रात्रींची परवानगी आली, २० टक्के कमिशनवर. नाटक कंपनीच्या मालकांना पोस्टरवर 'टीव्ही फेम' हवं होतं, कारण झाडीपट्टीत मुंबईहून पाहुणे कलाकार आणून असंच लिहायची रीत आहे. ते शक्य नव्हतं. शेवटी त्याचा नाटकातलाच जुना फोटो आणि गावाचं नाव छापलं. लोकांना तेवढं पुरलं. मालकांनी रात्रीचे ३,००० केले आणि उरलेल्या ३६ रात्रींना दुसरा गायक उभा केला.

तिसऱ्याच प्रयोगाची क्लिप कुणीतरी स्पर्धेच्या नावासकट यूट्यूबवर टाकली. स्पर्धेच्या कंपनीची नोटीस आली. त्याच दिवशी उत्तर दिलं, टाकणारा मोबाइल दुकानवाला ओळखीचा निघाला म्हणून क्लिप काढवून घेतली, आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगाआधी चित्रीकरण करू नका अशी घोषणा सुरू झाली. घोषणेचा एकेक व्हिडिओ काढून जपून ठेवला. हे पुढे कामी आलं असतं, सुदैवाने वेळ आली नाही.

करार २० मेचा होता. मुदतवाढ नको असल्याचं पत्र २ मार्चला ईमेलने आणि पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने गेलं, म्हणजे ६० दिवसांच्या मर्यादेच्या आधी.

निष्पत्ती

त्या वर्षी नाटकांचे ७२,००० झाले, १४,४०० कमिशन गेलं, ५७,६०० उरले. त्यातून २०,००० चा ॲडव्हान्स फिटला. पाच कार्यक्रमांचे हाती पडणारे ८२,५००. चित्रीकरणाच्या दिवसाला १,५०० प्रमाणे २२ दिवसांचे ३३,०००. दुसऱ्या बाजूला कपडे, वडिलांच्या मुंबईच्या खेपा आणि रोवणीला घरचा माणूस नसल्याने लावलेली मजुरी मिळून ६२,००० खर्च.

पुढच्या हंगामात त्याच नाटक कंपनीने ७० रात्री, रात्रीचे ४,५०० असा करार केला. हा करार मराठीत, दोन पानांचा. आठवड्याला पाचपेक्षा जास्त रात्री नाहीत ही अट त्याने घातली, कारण थंडीत पहाटेपर्यंत काळी तीनवर गाऊन त्याचा गळा एकदा बसला होता आणि डॉक्टरांनी तीन आठवडे आवाजाला विश्रांती दिली होती. आता मंचावरही तो पांढरी तीनवर गातो. ऑर्गनवाल्याने आधी कुरकुर केली, नंतर बाकीच्या दोन गायकांनीही पट्टी उतरवली.

जूनमध्ये नागपूरच्या स्टुडिओत १८,००० रुपयांत त्याने झाडीबोलीतलं पहिलं स्वतःचं गाणं केलं. गीतकाराशी लेखी करार केला, शब्दांचा हक्क गीतकाराकडे आणि उत्पन्नात निम्मा वाटा. गायकालाही रॉयल्टीचा हक्क कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे, आणि त्यासाठी २०१३ मध्ये 'इस्रा' या नावाने सुरू झालेली गायकांची संस्था आहे, तिचं नाव आता 'इसाम्रा'. तिथे नोंदणीची कागदपत्रं त्याने जमवायला घेतली आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, वकिलांचे ३,००० रुपये सही करण्यापूर्वी खर्च व्हायला हवे होते. ३१ पानं पूर्ण समजली नाहीत तरी चार जागा शोधायच्या: बंधन कधीपासून मोजलं जातं, कमिशन कुणी आणलेल्या कामावर, मुदतवाढ आपोआप होते का, आणि आधीच्या बांधिलकीबद्दल आपण काय लिहून देतो आहोत. कंपनीने न आणलेल्या कामावर कमिशन का, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. विचारला असता तर २४ रात्रींचे १४,४०० कदाचित वाचले असते.

नाटक कंपनीच्या मालकांना निवड झाली त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. त्यांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि नंतर सांभाळून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. दुसरा कुणी असता तर पुढच्या वर्षीची बोलणी झालीच नसती.

वर्गणीसाठी पहिल्या दिवसापासून तीन-चार जणांची समिती आणि वही हवी, त्यात घरचं कुणी नको. फ्लेक्स छापायचाच तर त्यावर ॲपचं नाव, मतदानाची वेळ आणि पद्धत मोठ्या अक्षरांत.

व्यवस्थापनाबाहेरच्या एका कार्यक्रमाचा वादही अजून मिटलेला नाही. एका मंडळाने फक्त फोनवर ठरवून दुर्गोत्सवासाठी त्याची तारीख अडवली, ऐनवेळी रद्द केली आणि कपड्यांचे, वादकांचे ठरलेले पैसे दिले नाहीत. कराराच्या बंधनात ती तारीख घेणंच चुकीचं होतं, त्यामुळे तक्रारही करता आली नाही. आता तो निम्मे पैसे आधी घेतो आणि मंडळाच्या अध्यक्षांकडून व्हॉट्सॲपवर एकच मेसेज मागून घेतो: तारीख, ठिकाण, मंचावर यायची आणि उतरायची वेळ, गाणी किती, साउंड कुणाचा, वादकांचं जेवण-राहणं कुणाकडे, उरलेले पैसे मंचावर चढण्याआधी की नंतर, आणि रद्द झाल्यास ॲडव्हान्सचं काय. उत्तरात "मान्य" आल्याशिवाय तो वादकांना तारीख देत नाही.